पंखा बदला, पॉइंट काढू नका

आयटीआयच्या वीजतंत्री वर्गात सुरुवात होते ती शॉक बसलेल्या माणसापासून. तारेला चिकटलेल्याला हात न लावता कसं सोडवायचं, कुठल्याही जागेत शिरल्यावर मेन स्विच कुठे आहे ते आधी का हेरून ठेवायचं, श्वास बंद पडला असेल तर काय करायचं. सोसायटीच्या मीटर रूममध्ये गंजक्या चौकटीत एक तक्ता टांगलेला असतो. त्यात पालथा पडलेला एक माणूस आणि त्याच्या पाठीवर दाब देणारा दुसरा. आपण तो तक्ता जन्मभर न वाचता पाहतो; या वर्गातल्या मुलांना तो वाचावा लागतो. मग पक्कड, कटर, पेचकस हातात येतात आणि त्यानंतर कित्येक आठवडे तारांचे जॉइंट चालतात: पिगटेल, टी, मॅरीड, ब्रिटानिया, वेस्टर्न युनियन. यातले निम्मे जॉइंट घरगुती वायरिंगमध्ये पुन्हा कधी करावे लागत नाहीत. तरी करून घेतात, कारण तांब्याची तार किती पिळली की तुटते हे बोटांनाच कळावं लागतं.

वर्गातली मुलं सोळा-सतरा वर्षांची. दहावीला गणित आणि विज्ञान हवं, अभ्यासक्रम दोन वर्षांचा, शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. केंद्राची ही कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे आणि तिची सगळी मांडणी दहावीतून बाहेर पडलेलं पोर डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. गंमत अशी की प्रवेशाला किमान वय चौदा आहे आणि कमाल वयाची अट नाही. चाळिशीच्या माणसाने अर्ज केला तर नियम त्याला अडवत नाही. अडवतं ते वेळापत्रक: रोजची दिवसभराची हजेरी, दोन वर्षं. घराचा हप्ता आणि मुलांच्या शाळेची फी भरणारा माणूस तिथे बसणार कसा?

आणि अशी माणसं आता चौकशी करू लागली आहेत. बंगळुरूत तर जास्तच. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातली सुमारे बारा हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा इलेक्ट्रॉनिक सिटीपासून व्हाइटफील्डपर्यंत मधल्या फळीतल्या अनेकांच्या पोटात गोळा आला. त्याच सुमारास, कृत्रिम बुद्धिमत्तेचे जनक म्हणून ओळखले जाणारे आणि २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जेफ्री हिंटन एका मुलाखतीत म्हणाले, प्लंबर व्हायला शिका. एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग यांनीही डेटा सेंटरं उभी करायला इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर फार मोठ्या संख्येने लागणार असल्याचं सांगितलं. दोघेही कोट्यवधींच्या उलाढालीच्या जगातले. दोघांपैकी एकानेही भिंतीत झिरी मारलेली नसावी. पण सल्ला फिरत राहिला. कोथरूड-डोंबिवलीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरून तो बंगळुरूतल्या भाच्या-पुतण्यांपर्यंत आला.

मला भेटलेले गृहस्थ इचलकरंजीचे. वय एक्केचाळीस, संगणक शाखेतले बीई, पंधराएक वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. नोकरी गेली, दुसरी मिळेना, मिळाली ती निम्म्या पगाराची. नाव छापायचं नाही या अटीवर ते बोलले, आणि अटीमागचं कारणही सरळ सांगितलं: गावाकडे अजून माहीत नाही. त्यांना इथे इचलकरंजीकर म्हणू.

त्यांनी आधी संध्याकाळचा एक खासगी कोर्स केला. असे कोर्स शहरात पुष्कळ आहेत. काही महिन्यांचे, फी घसघशीत, भिंतीवर सरावाचे बोर्ड लावलेले. जिन्याचं वायरिंग, म्हणजे खालून-वरून दोन्हीकडून चालू-बंद होणारा दिवा, हा तिथला लाडका प्रयोग. दोन टू-वे स्विच, मधून दोन तारा, एका संध्याकाळी जमतं. इचलकरंजीकरांना तर दहा मिनिटांत जमलं; आकृती वाचणं हा त्यांचा धंदाच होता. कोर्स संपला, प्रमाणपत्र मिळालं, आणि ते एका परवानाधारक कंत्राटदाराकडे मदतनीस म्हणून लागले. तिथे पहिल्या दिवशी मेस्त्रीने हातात छिन्नी-हातोडी दिली आणि भिंत दाखवली.

कन्सील्ड वायरिंगचं निम्मं काम वीज सोडून असतं हे बाहेरच्यांना कळत नाही. झिरी मारायची, कंड्युट बसवायचा, मेटल बॉक्स पाणसळीत आणि ओळंब्यात ठेवायचा, नाहीतर पुढे प्लेट तिरकी दिसते आणि घरमालक पैसे अडकवतो. मग स्लॅबमधल्या पाइपांतून स्टीलची वायर सारायची, तिच्या टोकाला पाच-सहा तारा बांधून ओढायच्या. एकजण ओढतो, दुसरा पलीकडून भरत जातो, आणि दोघांचा ताल जमला नाही की तारेचं इन्सुलेशन कुठल्यातरी बेंडवर सोलून निघतं. ते भिंतीत राहतं, दिसत नाही, आणि पाच वर्षांनी कुणाचं तरी घर भिकेला लावतं. हे शिकायला व्हिडिओ उपयोगी पडत नाही. इचलकरंजीकरांच्या हातावरचे फोड पहिल्या महिन्यात गेले नाहीत, आणि एकोणीस वर्षांचा बिदरकडचा पोरगा त्यांच्या तिप्पट काम उरकायचा.

पण अडचण फोडांची नव्हती. साइटवर सगळे त्यांना सर म्हणायचे. चष्मा, इंग्रजी, पांढरे होत चाललेले केस. सरांना झिरी मारायला सांगायचं कसं? मेस्त्री त्यांना बिलं तपासायला, सामानाची यादी करायला, बीव्हीके अय्यंगार रोडवर खरेदीला पाठवू लागला. चिकपेटमधला तो रस्ता म्हणजे बंगळुरूच्या वायरिंगची वखार. दुकानांच्या पायऱ्यांवर केबलची भेंडोळी, आत फिनोलेक्स-पॉलिकॅबचे भाव, बाहेर टेम्पो आणि हमाल. तिथे ते रमलेही. फक्त त्या दिवसांत हात काही शिकत नव्हते. आपल्याकडे मध्यमवर्गीय माणूस कसबाकडे वळायला गेला की आजूबाजूचं जग त्याला अलगद उचलून पुन्हा टेबलाशी बसवतं. यात कुणाचा दुष्टावा नसतो. शिक्षण झालेल्या माणसाने अंगमेहनत करावी हे पाहणाऱ्यालाच अवघड जातं. शिकायचं असेल तर या सन्मानाशी भांडावं लागतं, आणि ते भांडण छिन्नीपेक्षा थकवणारं आहे.

त्यांचं जुनं कौशल्य कामाला आलं ते एकदा, आणि ते प्रकरण सविस्तर सांगण्यासारखं आहे. व्हाइटफील्डकडचा एक फ्लॅट. आरसीसीबी सारखा पडायचा. आरसीसीबी म्हणजे फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट सारखा आहे ना हे पाहणारं उपकरण. फरक तीस मिलिअँपिअरपर्यंत गेला की तो पुरवठा तोडतो, कारण तेवढा करंट वाट चुकून माणसातून जात असू शकतो. आधी येऊन गेलेल्या मिस्त्रीने गीझर दोषी ठरवला होता, त्याच्या नंतरच्याने एसी. तिसऱ्याने तोडगा काढला: हे खोकं काढून डायरेक्ट करून टाकू. हा तोडगा आपल्या देशात रोज हजारो घरांत निघत असणार.

इचलकरंजीकरांनी सगळे एमसीबी, म्हणजे एकेका सर्किटचे स्वयंचलित स्विच, पाडले. आरसीसीबी टिकला. गीझरचा एमसीबी चढवला, पडला. गीझर बंद करून एसीचा चढवला, पडला. इस्त्री लावली, तरी पडला. म्हणजे प्रत्येक सर्किट दोषी? त्यांच्यातला टेस्टर जागा झाला: सगळेच दोषी दिसतात तेव्हा दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या जागी शोधायचा. घरगुती एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. तेव्हा एखाद्या सर्किटचा न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकला असेल, तर ते सर्किट बंद असूनही, दुसऱ्या कुठल्याही सर्किटचा परतीचा करंट थोडा थोडा त्या वाटेने निसटतो. मेन बंद करून त्यांनी वितरण पेटीतल्या न्यूट्रल लिंकमधून एकेक तार सोडवली आणि मेगर लावला. पाचशे व्होल्टवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं इन्सुलेशन मोजायचं. निरोगी वायरिंगला आकडा मेगोहममध्ये येतो. सहाव्या तारेला शून्य आला. ती तार बाल्कनीतल्या दिव्याची होती. तिथली प्लेट उघडली तर मेटल बॉक्सचा स्क्रू न्यूट्रलच्या काळ्या इन्सुलेशनमध्ये घुसलेला. स्क्रूची जागा बदलली, तारेला स्लीव्ह घातली, संपलं. मेस्त्री गंभीर माणूस. तो त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना सर न म्हणता अण्णा म्हणाला.

एवढं कळूनही हे काम कायद्याने त्यांचं नाही. इथे आपण मुद्द्यावर येतो.

केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम आहेत. २०१० चे होते, त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. त्याआधी १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही हीच तरतूद होती. तिचा आशय असा: वीजसंचाचं कोणतंही काम, मग ते नवं असो, वाढवलेलं असो किंवा दुरुस्तीचं, राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक वायरमनच्या हातून. याला अपवाद आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलणं, संचाची क्षमता किंवा स्वरूप न बदलता. म्हणजे पंखा बदला, कुणी विचारणार नाही. पंख्यासाठी नवा पॉइंट काढलात की ते कायद्याच्या भाषेत वीजसंचाचं काम झालं.

मोबाइलवरून मागवलेले इलेक्ट्रिशियन, नाक्यावरचे मिस्त्री, सोसायटीचा नेहमीचा माणूस या सगळ्यांचा बराचसा धंदा या अपवादात बसतो आणि उरलेला अपवादाच्या बाहेर सांडतो. एसीचा नवा पॉइंट, इन्व्हर्टरची लाइन, गाडीच्या चार्जरची केबल. कुणी हटकत नाही, घरमालक तर नाहीच. मग परवाना लागतो कशाला? सहीला. नवीन जोडणी घेताना, मंजूर भार वाढवताना बेस्कॉमला, म्हणजे बंगळुरूच्या वीज कंपनीला, काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यावा लागतो. त्यावर कंत्राटदाराची सही. उंच इमारती, लिफ्ट, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर यांना विद्युत निरीक्षकांची मंजुरी लागते. कर्नाटकात मुख्य विद्युत निरीक्षकांचं खातं हे परवाने देतं, महाराष्ट्रात अनुज्ञापक मंडळ. हाताने केलेल्या कामाची जबाबदारी कोण घेणार याचं उत्तर त्या सहीत असतं. आणि माझ्या मते व्यवसाय बदलू पाहणाऱ्याने पहिल्या दिवसापासून नजर ठेवायची ती या सहीवर. कोर्सच्या जाहिरातींत पगाराचे आकडे ठळक असतात. परवान्याविषयी अक्षर नसतं.

या बाबतीत परदेशाकडे पाहून उसासे टाकायचं कारण नाही. ब्रिटनमध्येही चाळिशीच्या लोकांना काही आठवड्यांत इलेक्ट्रिशियन करून देणारे कोर्स हजारो पौंडांना विकले जातात. ते करून माणूस बाहेर पडतो तेव्हा कळतं की वर्गातल्या प्रमाणपत्राने भागत नाही. प्रत्यक्ष साइटवरच्या कामाचे पुरावे जमवून तिसऱ्या पातळीची एनव्हीक्यू ही पात्रता हवी, आणि शेवटी एएम२ नावाची प्रात्यक्षिक परीक्षा. साइटवर घेणारा मालक मिळाला नाही तर पुरावे येणार कुठून? तिथे आणि इथे गाठ एकाच जागी बसली आहे. फरक असा की तिथे त्या गाठीची उघड चर्चा होते. ऑस्ट्रेलियात तर शिकाऊ उमेदवारी साधारण चार वर्षांची आणि स्वतःच्या घरातला सॉकेट स्वतः बदलणंही बेकायदा.

वीज आणणं आणि विजेचं काम शिकवणं बंगळुरूने आपल्या परीने फार पूर्वी सुरू केलं होतं. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रम् इथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली, तेव्हाच्या जगातल्या सर्वांत लांब वाहिन्यांपैकी एकीवरून. १९०५ मध्ये शहराच्या बाजारपेठेत रस्त्यावरचे विजेचे दिवे लागले. भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत तंत्रशास्त्राचा विभाग १९११ पासून आहे. पुढे एचएएल, भारतीय टेलिफोन उद्योग, एचएमटी, बीईएल अशा सार्वजनिक कारखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकाऊ उमेदवार घडवले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याला बैठक दिली. त्या कारखान्यांतून निवृत्त झालेले फोरमन आजही खासगी वर्गांत शिकवताना भेटतात, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्याची तारेच्या टोकाला लग लावण्याची पद्धत वेगळी ओळखू येते. तुमकूर रोडवर १९७१ मध्ये फोरमन प्रशिक्षण संस्था आली, तीच आजची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था. पीण्यात एनटीटीएफ ही तंत्रशिक्षण संस्था आहे. शिकवणाऱ्या जागा या शहराला कधी कमी पडल्या नाहीत. त्या सगळ्यांची दारं मात्र सकाळी उघडतात आणि सोळा वर्षांच्यांसाठी उघडतात.

मराठी माणसाने बंगळुरूत विजेशी नातं जोडलं तेही जुनं. १९४६ मध्ये रवी किर्लोस्करांनी किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी इथे काढली. त्यांचे वडील लक्ष्मणराव हे खरं तर व्यवसाय बदलणाऱ्यांचे आद्यपुरुष. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जेजे स्कूलमध्ये गेले, रंगांधळेपणामुळे रंग सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये शिकवलं, मग ती नोकरी टाकून बेळगावात सायकलीचं दुकान आणि तिथून लोखंडी नांगरापर्यंत. मात्र वायरमन त्यांना होता आलं नसतं. लाल, पिवळा, निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. ज्याला लाल-हिरव्यात गोंधळ होतो त्याच्यासाठी हा धंदा नव्हे. चाळिशीत या वाटेला जाणाऱ्याने पैसे भरण्याआधी डोळे तपासून घ्यावेत, हा सल्ला कुठल्याच माहितीपत्रकात सापडला नाही म्हणून इथे देतो.

आता शिकून करायचं काय? नाक्यावरच्या मिस्त्रीशी पंखे बसवण्यात स्पर्धा करून बीई झालेल्याचं भागणार नाही. मदतनिसाला जे मिळतं त्यात एचएसआर लेआउटमधलं दोन खोल्यांचं भाडंही निघत नाही. मोजमाप, कागद आणि जबाबदारी जिथे जास्त आहे तिथे या माणसांना जागा आहे. छतावरची सौर वीज हे पहिलं उदाहरण. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचं लक्ष्य, तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. सौर पॅनेलची गोम अशी की ऊन असेपर्यंत ते बंदच करता येत नाही. ओळीने जोडलेल्या पॅनेलांवर कित्येकशे व्होल्टचा डीसी उभा असतो. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, म्हणून त्याची ठिणगी विझायला मदत होते. डीसीला शून्य नाही. नीट न दाबलेल्या कनेक्टरमध्ये आर्क पेटला तर तो पेटत राहतो. इथे क्रिम्पिंगच्या साधनात कंजुषी करणारा आणि आकडे न मोजणारा माणूस धोक्याचा. गाड्यांच्या चार्जिंगचं तसंच. कर्नाटकाने २०१७ मध्येच विद्युत वाहनांचं धोरण आणलं, बेस्कॉम त्यासाठीची मध्यवर्ती यंत्रणा आहे, आणि अपार्टमेंटच्या तळघरात शंभर गाड्या रात्री एकदम लावल्या तर मंजूर भाराचं काय होईल हे गणित मांडून देणारा माणूस सोसायट्यांना हवा आहे.

पण पुन्हा दार तेच. सौर संच बसवणाऱ्यांसाठी केंद्राने २०१५ मध्ये सूर्यमित्र हा साधारण तीन महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या प्रवेशाला आयटीआय किंवा तत्सम तांत्रिक पात्रतेची अपेक्षा. कौशल्य विकास योजनेत आधी शिकलेल्याला मान्यता देण्याची सोय आहे, सहायक इलेक्ट्रिशियनसारखे छोटे अभ्यासक्रमही आहेत. चांगले आहेत, पण त्यांनी वायरमनचा परवाना मिळत नाही. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी बारा हजारांच्या आसपास माणसं मरतात, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्याच नोंदींप्रमाणे. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हाइटफील्डजवळ फुटपाथवर तुटून पडलेल्या तारेवर पाय पडून एक तरुण आई आणि तिचं तान्हं बाळ गेलं. तेव्हा परवाना सैल करा असं मी म्हणणार नाही. संध्याकाळचा आणि शनिवार-रविवारचा, तीन वर्षं चालणारा, शेवटी त्याच अखिल भारतीय परीक्षेला बसवणारा वर्ग सरकारी आयटीआयमध्ये का निघू नये, एवढंच विचारतो. शेड आहे, बोर्ड आहेत, मेगर आहे. संध्याकाळी सगळं कुलपात असतं.

इचलकरंजीकरांनी स्वतःचा मार्ग काढायचा प्रयत्न चालवला आहे. आयटीआय नसेल तर परवानाधारक कंत्राटदाराकडचा अनुभव दाखवून वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेला बसायची वाट असते. त्यासाठी कंत्राटदाराचं पत्र लागतं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हा माणूस माझ्याकडे कामाला होता. त्यांच्या कंत्राटदाराला त्यांचं काम पसंत आहे, बाल्कनीतला स्क्रू तो इतरांना कौतुकाने सांगतो. पत्र द्यायला मात्र तो तयार नाही. पत्र दिलं तर माणूस कामावर होता हे कागदावर येतं, मग भविष्यनिर्वाह निधी कुठे, ईएसआय कुठे, हजेरीपट कुठे, असे प्रश्न निघतात. आजवरची मजुरी रोखीने दिलेली. आता दुसरा एक कंत्राटदार पत्र आणि हजेरीपट दोन्ही द्यायला राजी झाला आहे. त्याची अट आहे की अनुभव त्याच्याकडच्या पहिल्या दिवसापासून मोजायचा, आणि पहिलं वर्ष झिरी मारायची.